नवं बटण

माझं मत विचाराल तर नवनवीन कन्सोल म्हणजे नुसता दिखावा. खेळ जिंकून देतो तो हातातला कंट्रोलर. माझा अकरा वर्षं हरलेला नाही. मी तो कुणाच्या हातात दिला नाही आणि कधी उघडलाही नव्हता.

धाकटी बहीण चिडवायची, "दादा, आता तरी नवा घे. बटणावरची खूण पार पुसली गेलीय."

"ती माझ्या अंगठ्याची कमाई आहे," मी ऐटीत सांगायचो.

आज दुपारी फक्त ते बटण बदलायला मी कंट्रोलर पहिल्यांदा उघडला. जुनं बटण मोठ्या अभिमानाने तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते उलटं केलं.

"दादा, हे आतूनही झिजलंय."

बटणाखाली फक्त मऊ रबर असतं, त्याने प्लास्टिक झिजत नाही. तरी तिथे गुळगुळीत खळगा होता. वर, माझ्या अंगठ्याच्या बाजूला पडलेल्या खळग्यापेक्षा खोल.

मी नवं बटण बसवलं, स्क्रू घट्ट आवळले आणि त्यावर अंगठा नुसता टेकवला.

मी बटण दाबावं तितक्याच सराईतपणे, खालून माझा अंगठा दाबला गेला.