बाजूची पेटी

आतली मूठ जावयाच्या हातातच आली. शीतगृहाचं जाड दार मात्र जागचं हललं नाही.

"झालं!" सासरे म्हणाले. फुलांचा हा सगळा कारभार त्यांचाच. कंपनीचा ईमेल सर्व्हर जावई सांभाळायचा.

"घाबरू नका, बाबा." जावयाने भिंतीवरचं लाल बटण दाबलं. ते दाबलं की फाटकावरच्या वॉचमनच्या कॉम्प्युटरवर ईमेल जायचं. बाहेर दुसरं कुणी नव्हतंच. कचेरीला दोन दिवस सुट्टी होती, आत मोबाइल लागत नव्हता, आणि बाहेरगावी जातोय असं सांगून दोघे घरून निघाले होते.

गुलाबांच्या बादल्यांवरून गार वारा फिरत होता. कुणी आलं नाही. सासऱ्यांनी शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलं.

"जावईबापू, सकाळी तुम्ही ती ईमेलची चाळणी घट्ट केलीत ना?"

"तुम्हीच म्हणालात, कचरा मेल एकसुद्धा दिसता कामा नये."

"अहो, पण हे तर आपलंच मेल! आपल्या कंपनीचं नाव दिसलं की बिनतपासणी सोडायचं, असं मी करून घेतलं होतं."

"ते मी काढून टाकलं. पाकिटावर आपलं नाव कुणीही लिहील, बाबा. आणि या बटणाचं यंत्र लिहितं काय? 'तातडी! तातडी! तातडी!' लॉटरीवाले तरी दुसरं काय लिहितात?"

"म्हणजे निरोप गेला कचऱ्यात. पुसला गेला!"

जावई कुडकुडतच हसला. "सगळ्यांचा हाच गैरसमज. चाळणी पुसत काहीच नाही. संशय आला की मेल बाजूच्या पेटीत ठेवते. ती पेटी माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. खरं मेल दिसलं की लगेच पुढे सोडतो. आजवर एकही नजरेतून सुटलेलं नाही."

सासऱ्यांचा जीव भांड्यात पडला. एक बादली पालथी घालून ते तिच्यावर टेकले.

"हिला म्हणालो होतो, कॉम्प्युटरवाला जावई नको. बोलायला लागले की थांबत नाहीत. आज पहिल्यांदाच तुमचं बोलणं गोड लागलं."

"ते माझ्या कानावर आलं होतं," जावई म्हणाला आणि त्याने बटण पुन्हा दाबलं.

गारठा अंगात शिरत गेला. बोलायला तोंड उघडलं की दात वाजत होते. सासऱ्यांनी हात काखेत दाबून धरले, आणि थोड्या वेळाने त्यांना बोटंच जाणवेनाशी झाली. तरी त्यांची नजर दारावर होती, आणि नजरेत भरवसा होता.

"सुट्टी असून पेटी उघडून बसायचं... अशी माणसं राहिली नाहीत हो आता. बाहेर पडलो की आधी त्याला मिठी मारणार. कोण आहे तो?"

जावयाचा हात बटणावरच राहिला.

"मी, बाबा."