कोरड्या गोदीतलं नाव

“डॅड, तो स्क्रेपर आधी खाली ठेव,” टेस गोदीच्या काठावरून ओरडली. “आईचं नाव आहे ते!”

ट्रेव्हरनं मान वर केली नाही. दोन पिंपांवर टाकलेल्या फळीवर उभा राहून तो केबिनच्या हिरव्या बाजूवरची मोठी पांढरी अक्षरं खरवडत होता. डोरीन. नावातलं शेवटचं अक्षर उजवीकडे कललेलं होतं, वाऱ्यात उभ्या माणसासारखं. त्यानं तिथूनच सुरुवात केली होती.

बोट गोदीतल्या ओंडक्यांवर कोरडी बसली होती. तळाचं शेवाळ निघालं होतं, डांबराचे दोन हात चढले होते, पत्र्याचा गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे ठोकळे नवे लागले होते. विम्याच्या माणसानं हातोडीनं पत्रा ठोकून मान डोलावली होती. कालव्यावर बोट ठेवणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं. त्याला परवाना लागतो, विमा लागतो, हिवाळाभर कोळसा लागतो आणि दर दोन-तीन वर्षांनी असं पाण्याबाहेर काढून तळाला डांबर लावावं लागतं. गोदीचं भाडं दिवसावर. ट्रेव्हर कोळशाचं पोतंसुद्धा हातानं तोलून घेणारा माणूस. आज संध्याकाळी गोदीत पाणी सोडायचंच, असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं.

त्याचे गुडघे आता कालव्यात बोट वर-खाली नेणाऱ्या लॉकच्या जड दारांशी झुंजायला तयार नव्हते. पुढच्या महिन्यापासून बोटीवर टेस राहणार होती, आणि तो गावातल्या दोन खोल्यांत.

टेस शिडीनं खाली उतरली. “मी हिच्यावर राहायला येतेय ती आईच्या नावासाठी,” ती म्हणाली. “तुला तिची आठवण नकोशी झाली असेल तर तसं सांग.”

“जुनं नाव परत घालायचंय. विलो.”

“पण का?”

ट्रेव्हरचा हात थांबला. गोदीचा मालक नॉर्मन बोटीच्या टोकाशी डांबराचे ब्रश धूत होता. बोटींवरची नावंही तोच रंगवायचा. त्यानं ब्रश झटकला आणि तोही बघत राहिला.

“कारण हे नाव मी पाण्यावर लिहिलं,” ट्रेव्हर म्हणाला.

टेसनं झटकन त्या अक्षरांकडे पाहिलं. आमच्या कालव्यावर चर्चची पायरी कधी न चढणाराही एवढं पाळतो. नाव बदलायचं ते बोट पाण्याबाहेर असताना. पाण्यावर बदललं की बोट त्याची किंमत वसूल करते, असं म्हणतात.

“मे महिन्यात तिचा वाढदिवस होता. मला तिला चकित करायचं होतं. गोदीत आणायचं तर दोन दिवसांचं भाडं पडलं असतं. म्हटलं, असल्या गोष्टी म्हातारे बोलतात. धक्क्यावर गुडघे टेकून मी स्वतःच लिहिलं. ऑगस्टात तिला खोकला लागला. नाताळ तिनं पाहिला नाही.” त्यानं स्क्रेपर पत्र्यावर टेकवला. “भाडं वाचवलं मी, टेस, आणि बायको घालवली. आता तू इथं झोपणार. तुझ्या माथी नको ते.”

अकरा वर्षं त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. टेसला रडू आलं, रागही आला. “वेडा आहेस तू, डॅड. ती कॅन्सरनं गेली.”

“असेल,” तो म्हणाला आणि पुन्हा खरवडू लागला.

पांढरा रंग गेला. खाली हिरवा लागला. ट्रेव्हरनं आणखी जोर दिला. हिरवा सुटला, आणि त्याखाली परत पांढरं आलं. उजवीकडे कललेलं तेच अक्षर, त्याच जागी.

“हे काय?” तो म्हणाला. “मी एकदाच लिहिलं होतं.”

“वरचं माझं आहे,” नॉर्मन म्हणाला.

दोघं त्याच्याकडे वळले. नॉर्मननं हात पँटला पुसले.

“त्या जूनमध्ये तुझं हर्नियाचं ऑपरेशन झालं बघ. तू इस्पितळात होतास. डोरीन बोट घेऊन एकटीच इथं आली. मला म्हणाली, पाणी काढ, नाव झाक आणि कोरड्यावर नव्यानं लिही, अगदी त्यानं लिहिलंय तस्सं. मी म्हटलं, शेवटचं तेवढं सरळ करतो. केवढी भडकली बाई! ते वाकडंच हवं म्हणाली. उभ्या जन्मात मी मुद्दाम काढलेलं वाकडं अक्षर तेवढं एकच.”

इस्पितळातून परत आला तेव्हा बोटीला रंगाचा वास येत होता, हे ट्रेव्हरला आठवलं. स्टोव्हला काळ्या रंगाचा हात दिलाय, असं डोरीन म्हणाली होती.

“मला का नाही सांगितलंस?”

“तिनं शपथ घातली होती. आणि तू मनात काय धरून बसलायस, ते मला आज कळतंय.”

“तिचा तर असल्या गोष्टींवर विश्वासही नव्हता,” टेस म्हणाली.

“नव्हताच. मीही तिला तेच म्हटलं. तर म्हणाली, ‘माझा नाही, पण त्याचा आहे. उद्या मला नुसती शिंक आली तरी हा माणूस स्वतःला दोष देत बसेल.’”

ट्रेव्हर फळीवर खाली बसला. बराच वेळ तो ते अर्धवट खरवडलेलं अक्षर बघत होता. टेसनं त्याच्या हातातून स्क्रेपर काढून घेतला, तेव्हा त्यानं तो सोडला.

शेवटी नॉर्मन खाकरला. “पाणी सोडायची वेळ झाली, ट्रेव्ह. अक्षर मी करून देतो पटकन. एकदा जमलंय.”

“तुझं वाकडं मुद्दाम होतं,” ट्रेव्हर म्हणाला. “ब्रश मला दे. आणि आणखी दोन दिवसांचं भाडं लाव.”