तीन पिढ्यांचा तक्ता

"नाही," श्याम म्हणाला.

घरात कुणाला भूल देताना काही त्रास झाला होता का, असा नर्सचा प्रश्न होता. दारू, सिगारेट, दमा, सगळ्याला त्यानं 'नाही'च म्हटलं होतं आणि ती उत्तरं खरी होती. उद्या सकाळी त्याचं पित्ताशय काढायचं होतं. दोह्यातलं मोठं हॉस्पिटल, दुर्बिणीतून ऑपरेशन, परवा अल अझीझियाच्या फ्लॅटवर परत. गॅस प्लांटमध्ये चोवीस वर्षं सेफ्टीचे फॉर्म भरलेला माणूस तो. असल्या प्रश्नांचा त्याला सराव होता.

शेजारी त्याची मुलगी मृणालिनी फोनवर वेगळाच फॉर्म उघडून बसली होती. युनिव्हर्सिटीत जेनेटिक्सचा कोर्स सोडायची आज पाचपर्यंत मुदत होती. पुढं मेडिकलला जायचं तर मार्क चांगले हवेत, आणि जेनेटिक्समध्ये तिला सी मिळत होता. मेडिकल कॉलेजं हा विषय मागत नाहीत, असं ॲडव्हायझरनंही सांगितलं होतं. श्यामचं मत त्याहून स्पष्ट होतं. वाटाण्याची फुलं कुठली जांभळी नि कुठली पांढरी हे कळून आजवर कुणाचा ताप उतरलाय, असं तो चार दिवस विचारत होता. मृणालिनीलाही ते पटलं होतं. फक्त 'सबमिट' दाबायचं राहिलं होतं.

तेवढ्यात नर्सचा प्रश्न तिच्या कानावर पडला.

"बाबा, हौसाआजी? आणि अवधूतदादा? दोघंही सर्जरीतच गेले ना? शुक्रवारी तुम्हीच मला सांगितलंत."

श्यामनं हात झटकला. "ती तिकडची माणसं. आत्या दिली शिंद्यांच्यात, आपली संजू जाधवांच्यात. ही मोहित्यांचं विचारतेय."

तो खोटं बोलत नव्हता. घर म्हणजे आडनाव. लग्न करून गेलेली बहीण आणि तिची पोरं त्यातून वजा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि म्हणूनच ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

मृणालिनीनं बॅगेतून वही काढली. शुक्रवारी जेवताना तिनं गृहपाठ म्हणून घराण्याचा तक्ता काढला होता. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ, बाजूला वय आणि कारण. लवकर सुटका व्हावी म्हणून श्यामनं पोळी खाता खाता भराभर सगळं सांगून टाकलं होतं. हौसाबाई, श्यामची आत्या, वय एकतीस, गर्भाशयाचं ऑपरेशन, 'टेबलावरच ताप चढला'. अवधूत, बहिणीचा मुलगा, वय सतरा, अपेंडिक्स, 'ताप चढला, अंग लाकडासारखं झालं'. या तक्त्यात आडनाव लिहायला जागाच नव्हती. त्यामुळं हौसाबाईची रेघ सरळ तिच्या भावाला, म्हणजे श्यामच्या वडिलांना जाऊन मिळाली होती. त्यांच्याखाली दोन मुलं होती. एक संजीवनी, अवधूतची आई. दुसरा श्याम.

मृणालिनी घाबरली. मार्क सी असले तरी एवढं तिला वाचता येत होतं. तिनं नर्सला सांगून भुलेच्या डॉक्टरना बोलवून घेतलं.

डॉ. रिफत आल्या. त्यांनी तक्ता आधी उभ्यानं पाहिला, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा पाहिला.

"इस लड़के का बदन सचमुच अकड़ गया था?"

श्यामनं होकारार्थी मान हलवली.

भुलेचे काही वायू काही घराण्यांना चालत नाहीत, त्या म्हणाल्या. अंग ताठतं, ताप भडकतो, आणि माणूस बघता बघता जातो. हे आईबापांकडून पोरांत उतरतं, मुलगा काय नि मुलगी काय. श्यामच्या अंगात ते असण्याची शक्यता निम्मी होती. उद्याचं ऑपरेशन रद्द. आधी रक्ताची तपासणी, मुलीचीही. ऑपरेशन नंतर करता येईल, पण शिरेतून द्यायच्या दुसऱ्या औषधांवर.

"कल सुबह मैं आपको वही गैस देनेवाली थी," असं म्हणून त्या उठल्या. दारात थांबून त्यांनी मृणालिनीला विचारलं, "मेडिकल में हो?"

"नॉट येट," मृणालिनी म्हणाली. तोवर पाच वाजून गेले होते आणि ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

श्याम बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. जीव वाचला म्हणून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नऊ वर्षांपूर्वी अवधूत ऑपरेशनला नाही म्हणत होता. संजीवनीनं त्याला समजावून नेलं आणि कागदावर सही केली. सासरच्यांनी तिला धारेवर धरलं. पोराला स्वतःच्या हातानं घालवलंस, म्हणाले. श्याम तेराव्याला कराडला पोचला, तेव्हा धाकट्या बहिणीच्या पाठीशी उभं राहायचं सोडून तोही म्हणाला होता, घाई केलीस. तेव्हापासून दोघांत दिवाळीच्या फोनापलीकडं काही उरलं नव्हतं. आता त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं फोन लावला.

"संजू, तुझ्या सहीनं नाही गेला अवधूत." मग त्यानं तिला सगळं सांगितलं, अगदी हौसाआत्यापासून. "हे आपल्याच रक्तातलं आहे गं. तुला तरी कसं कळणार होतं?"



"मला कळलं होतं, दादा," संजीवनी म्हणाली. "उशिरा, पण कळलं होतं. तेराव्याला तुला म्हटलं मी, हौसाआत्यापण अशीच ताठून गेली होती. तू म्हणालास, तिकडच्या माणसांचं इथं काढू नकोस."