दार लागल्यावर

पियानोवर पेटती मेणबत्ती. भिंतीवर पुरुषभर उंचीचा आरसा. जिन्यातल्या पिंजऱ्यात शेजाऱ्यांचा पोपट.

ऑपेराचे रंगमंच गाजवून आता गाणं शिकवणाऱ्या बाई चिमणी नावाच्या आपल्या शिष्येला मेणबत्तीसमोर गायला लावत. "ज्योत हलली! श्वास वाया गेला. पुन्हा!" शाबासकी मात्र चुकूनही नाही.

"बाई, उद्यापासून येत नाही मी. माझ्या गळ्यात काही नाहीच."

"बरं," म्हणत बाईंनी दार लावून घेतलं.

डोळे पुसत चिमणी जिना उतरू लागली, तोच पोपट हुबेहूब बाईंच्या आवाजात म्हणाला, "काय गळा आहे गं आमच्या चिमणीचा!"

दुसऱ्या दिवशी ती वेळेआधी हजर.

"ज्योत हलली!" बाई खेकसल्या. चिमणी गालातल्या गालात हसली.



पोपट कुठलंही वाक्य शंभरदा ऐकल्याशिवाय बोलत नाही.