एकशे एकोणीसची भागीदारी

कुमुद गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा रंगनाथराव रेडिओवर कसोटी ऐकत होते. कोणाची किती धावांची भागीदारी झाली, हे संध्याकाळी तिला सांगायचं होतं.

तेराव्यानंतर वृंदाने आईच्या वह्या बापापुढे ठेवल्या. एकोणचाळीस वर्षांतली भारताची प्रत्येक भागीदारी त्यांत होती. रंगनाथराव सवयीने म्हणाले, "बेरजेत मात्र कच्ची हो तुझी आई! हे बघ, एकाचे एकसष्ट, दुसऱ्याचे सेहेचाळीस, आणि भागीदारी म्हणे एकशे एकोणीसची. जन्मभर चिडवलं मी तिला."

"अहो बाबा, बाय, वाइड, नोबॉलसुद्धा भागीदारीत धरतात. दोघं खेळताना संघाला मिळालेल्या सगळ्या धावा!"

मग आठवडाभर वृंदाच्या मोबाइलवर जुने धावफलक काढून रंगनाथरावांनी पान न् पान ताडून पाहिलं. पोळ्या लाटता लाटता कॉमेंट्री ऐकून लिहिलेल्या त्या हजारो आकड्यांत एकही चूक नव्हती. ते चिडवायचे, तेव्हा ती एवढंच म्हणायची, "तुम्हाला नाही कळायचं ते."

तुझंच बरोबर होतं, हे तिला सांगायचं राहून गेलं.