सोमवारचं ऑपरेशन

पडद्यावरचा तांबडा डाग मखमलीच्या तुकड्यासारखा दिसत होता. ते तीन महिन्यांपूर्वीचं चित्र. लेकीनं ते डावीकडे सरकवलं आणि शेजारी आज सकाळी दुर्बिणीतून घेतलेलं चित्र उघडलं.

तिथे डाग नव्हता.

"पुन्हा दाखव," बाबा म्हणाले.

तिनं दाखवलं. मूत्राशयाचं अस्तर, फिकट गुलाबी, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. बाबांनी चष्मा पुसला आणि पडद्याला नाक टेकेल इतके ते वाकले. याच इस्पितळात त्यांनी आयुष्यभर कर्करोगानं धरलेली मूत्राशयं काढली होती. पाठीमागे सगळे त्यांना 'कात्री' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

"कॅमेऱ्याची काच पुसली होतीस ना?"

"बाबा! लघवीचा रिपोर्टही साफ आलाय."

"सर्दीच्या विषाणूनं कर्करोग पळवलात म्हणे. उद्या शिंकून मोतीबिंदू बरा कराल."

"साधा नाही तो, बदललेला आहे. निरोगी पेशीत वाढतच नाही. कर्करोगाच्या पेशीत शिरतो, वाढतो, तिला फोडतो आणि शेजारणीला धरतो." तिचा आवाज चढला होता. तिला खुर्चीत बसवत नव्हतं. "किती वेळा सांगू?"

"आईला फोन केलास?"

"तुम्ही मान्य केल्याशिवाय नाही करणार."

"आलोच," म्हणून बाबा बाहेर गेले आणि हात पुसत परत आले. तोवर तिनं उत्तरं लिहून घ्यायला पेन काढलं होतं.

"पेशंट रात्री किती वेळा उठतो?"

"दोनदा. आधी पाचदा उठायचा."

"जळजळ?"

"मूत्राशयात औषध सोडलं की दिवसभर. मुकाट्यानं सोसतो बिचारा."

"मुकाट्यानं? औषध आत धरून तासभर कूस बदलत पडायचं, तर दर कुशीला नर्सशी भांडण! असला हट्टी पेशंट मी पाहिला नाही."

"हट्टी आहे खरा," बाबा हसले.

फोन वाजला. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. सोमवारची वेळ ठेवायची की दुसऱ्या रुग्णाला द्यायची? हेच विचारायला त्यांनी आठवडाभर फोन केले होते आणि बाबांनी दर वेळी "बघू" म्हटलं होतं.

लेकीनं फोनवर हात ठेवला. "मूत्राशय गेलं तर पोटावर पिशवी. जन्मभर."

"राहिलं आणि रोग उलटला तर जीव जाईल. मी कितीजणांना हेच सांगितलंय. काढून टाका, सुटाल."

"दर तीन महिन्यांनी आत बघू ना. जरा जरी दिसलं तरी काढायला सांगेन, मीच सांगेन. आणि तुम्ही कुठे करणार आहात हे ऑपरेशन?"

"नाही बाई. हे एक मला जमायचं नाही."

ते पुन्हा पडद्याकडे वळले. डावीकडे मखमल, उजवीकडे काहीच नाही. हळूहळू त्यांचा चेहरा लहान पोरासारखा उजळला. त्यांनी फोन घेतला.

"सिस्टर, सोमवार देऊन टाका. पेशंट म्हणतो..." लेकीनं त्यांचा हात धरला. "पेशंट कुठला, मीच म्हणतोय. माझं मूत्राशय मी ठेवतोय."