गोडं पाणी

प्रयोगशाळेतल्या यंत्राची घरघर थांबली तशी तिने झाकण उघडून नळी बाहेर काढली आणि पहिल्या धुण्याचं वरचं पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं. तळाशी नखाएवढा केशरी गाळ उरला. तो गाळच तर हवा होता.

ते समुद्रतळाच्या गरम झऱ्यांतले जंतू होते. माणसाचा हात पोळून निघेल अशा पाण्यात ते सुखाने नांदतात. उष्णता वाढली, खार वाढला, की साखरेसारखं काहीतरी पोटात साठवतात आणि त्याच्या जोरावर आतून शाबूत राहतात. तेच काढून त्यात लस ठेवली तर ती उन्हातही नासणार नाही, असा प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा कयास होता. बेसिनच्या वर त्यांच्याच अक्षरातला एक कागद चिकटवलेला होता. "धुताना खारंच पाणी. गोडं पाणी लागलं की मिनिटात सगळं सोडून देतात."

बावीस दिवस ती त्यांना रोज चिमूटभर जास्त मीठ घालत आली होती. त्यातले पहिले चौदा दिवस वडील दवाखान्यात होते. ते गेले त्या दिवशीही ती दुपारी तासभर इथे येऊन गेली. मीठ घातलं, तापमान वहीत लिहिलं आणि घरी जाऊन आल्यागेल्यांच्या चहाचं पाहिलं. तेव्हा स्वयंपाकघरात आत्या कोणाला तरी म्हणाली, "पोरीचं काळीज दगडाचं आहे गं." भिंतीपलीकडे ती कपबश्या पुसत होती. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, हे खरंच होतं. आईने अंथरूण धरलेलं, धाकटी बहीण रात्री दचकून उठायची, आणि दाखल्यासाठी रांगेत कोणीतरी उभं राहायलाच हवं होतं.

नंतरचे आठ दिवस ती पहाटे, कोणी नसताना येऊन नुसतं मीठ घालून जायची; दिवसभराच्या कामावर ती आज आली होती. तिला बघून सगळ्यांना एकदम कामं आठवली. एकाने तेवढं "काळ हेच औषध" म्हणून सांगितलं आणि डबा उघडला. काचेची भांडी धुणाऱ्या मामांनी मात्र सकाळीच तिचं टेबल पुसून नळ्या, हातमोजे, भरलेली बाटली असं सगळं हाताशी मांडून ठेवलं होतं.

तिने दुसऱ्यांदा धुतलं, नळी पुन्हा फिरवली, पाणी ओतून दिलं. बाटली जागेवर ठेवताना तिचं लक्ष लेबलकडे गेलं. साधं पाणी. डाव्या कोपऱ्यात खाऱ्या पाण्याचीच बाटली असायची. इतकी वर्षं तिचा हात न बघता तिकडे जात होता.

तिने बेसिनमध्ये पाहिलं. जाळीवर दोन थेंब होते.

"झालं का गं?" मॅडम दारातून म्हणाल्या. "उद्या नमुन्याच्या तपासणीला आपला नंबर आहे. हुकला तर पुढचा दोन महिन्यांनी."

"मॅडम, साध्या पाण्याने धुतलं मी."

"कितीदा?"

"दोनदा."

"आणि ते पाणी?"

"ओतलं."

मॅडमनी नळीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कागदाकडे. "ही बाटली इथे कोणी ठेवली?"

साबणाच्या पाण्यातले मामांचे हात थांबले.

"मीच," ती म्हणाली.

मॅडम ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या आपल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार हळूच लोटून घेतलं. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामांनी हात पुसले. "खोटं कशाला बोललीस?"

"लेबल वाचायचं काम माझं होतं, मामा."

"मला वाटलं, आज तरी तुला शोधाशोध नको."

"माहीत आहे मला."

मामांनी स्टूल ओढून तिच्यापुढे ठेवलं. "बस. सकाळपासून काही खाल्लंस का?"

आठ दिवस हेच ती घरातल्या एकेकाला विचारत फिरत होती. आईला, बहिणीला, येणाऱ्या-जाणाऱ्याला, आत्यालासुद्धा. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि तेही तिच्या आत्ता लक्षात आलं. हो म्हणायला तिने तोंड उघडलं. बेसिनची कड धरून ती रडायला लागली, आधी दबक्या आवाजात, मग मोठ्याने, हुंदक्यामागून हुंदका, मध्येच "बाबा, बाबा" म्हणत. शेजारच्या टेबलांवरची माणसं उठून उभी राहिली. बघायला आत्या तेवढी नव्हती.

तिच्या हातातून नळी सुटणार, तोच मामांनी ती धरली.

मॅडमचं दार उघडलं. कोणीतरी पाण्याचा ग्लास घेऊन पुढे निघालं होतं. त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. जवळ येऊन त्यांनी एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने मामांकडून नळी घेऊन उजेडात धरली.

"गेलं का हो सगळं?" मामांनी विचारलं. "मेले ते?"

"एवढ्याने मरत नाहीत ते," मॅडम म्हणाल्या. "रिकामे झालेत नुसते."

"मग आता?"

मॅडमच्या हाताखाली तिची पाठ अजून गदगदत होती.

"आता पुन्हा मीठ," त्या म्हणाल्या. "उद्यापासून. चिमूट चिमूट."